मत नसलेल्यांच्या खुर्च्या

सांगलीच्या एका कॉलेजात मी निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. दुसऱ्या वर्षाला एक पेपर असायचा, प्राचीन ग्रीकांचा समाज आणि राज्यव्यवस्था. अथेन्सचे नागरिक टेकडीवर जमत, युद्ध करायचं की तह करायचा हे हात वर करून ठरवत, बरेचसे अधिकारी चिठ्ठ्या टाकून निवडत. हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं आणि मनातून माझा त्यावर कधी फारसा विश्वास बसला नाही. तासगावकडे माझ्या सासरी मी ग्रामसभा पाहिली होती. तिथे ठराव आधी लिहून तयार असे, सभा नंतर होई, आणि हजेरीच्या सह्या दुसऱ्या दिवशी शिपाई घरोघर जाऊन घेई. हजारो माणसं खरोखर एका जागी बसून, एकमेकांचं ऐकून, काही ठरवत असतील हे मला पटायचं नाही. वर्गात कुणी विचारलं की, 'मॅडम, बायका कुठे असायच्या?' तर मी म्हणायचे, 'घरी. आणि गुलाम कामावर.' मग मुलं हसायची आणि तास संपायचा.

तेव्हा गेल्या वर्षी मी अमेरिकेला गेले ती काही लोकशाही बघायला नाही. मला धाकट्या बहिणीने, सुलभाने पाठवलं. तिची मुलगी मुक्ता पुण्याला शिकून तिकडे गेली, जंगलाच्या मातीवर संशोधन करते. नवरा निखिल नागपूरचा, कॉम्प्युटरवाला. दोघांनी व्हरमाँट नावाच्या राज्यात एका डोंगरातल्या खेड्यात घर घेतलं होतं.

"ताई, निखिलला तिकडच्या सांता क्लारा शहरातली नोकरी आली होती, ती त्याने सोडली म्हणे," सुलभा म्हणाली. "एवढी चांगली नोकरी सोडून कुणी जंगलात राहतं का? काहीतरी आहे. ती मला सांगत नाही. तू महिना-दीड महिना राहा आणि नीट बघून ये. जमलं तर त्यांना शहरात जायला सांग."

अशी मी संशय सामानात भरूनच निघाले.

एडिसन

विमानतळावरून निखिल मला आधी एडिसन नावाच्या गावी घेऊन गेला. तिथे ओक ट्री रोडवर आपल्या दुकानांची रांगच आहे. मेथी, शेपू, कढीपत्ता, तोंडली, जाड पोहे, असं तो गाडीत भरत राहिला. दुष्काळात निघाल्यासारखी त्याची खरेदी चालली होती.

"तिकडे काहीच मिळत नाही का रे?" मी विचारलं.

"मावशी, तिकडे बटाटे मस्त मिळतात," तो म्हणाला.

मी ही गोष्ट मनात नोंदवली. दुपारी जेवायला तो एका डायनरमध्ये थांबला. डायनर म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत सगळं काही मिळणारं साधं हॉटेल. मालक पंच्याहत्तरीचा, पांढऱ्या भरघोस मिशांचा, आणि ग्रीक निघाला. मी ग्रीकांचा इतिहास शिकवला हे निखिलने त्याला सांगितल्यावर तो काउंटर सोडून आमच्या टेबलाशीच येऊन बसला. मी त्याला विचारलं, तुमच्या गावात अजून सभा-बिभा होतात का.

"आजोबांच्या गावात दोन घराणी होती," तो म्हणाला. "एकदा हे जिंकायचं, एकदा ते. आजोबा तिसऱ्या घरातले, म्हणून बोटीत बसले." मग म्हणाला, "जिथे सगळे तुम्हाला ओळखतात तिथे हात वर करायला मला भीती वाटते. इथे पडद्यामागे मत देतो, बरं आहे."

माझ्या मनातलंच बोलला. त्याने आम्हाला तांदळाची खीर खायला घातली, थंडगार, वर दालचिनीची पूड. वेलदोडा नाही हे खटकलं, पण दोन वाट्या खाल्ल्या. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. निखिल आग्रह करत राहिला आणि मी विचार करत राहिले की आपल्याकडे एखादा हॉटेलवाला इतका गोड कशासाठी वागतो. पण त्याला आमच्याकडून काहीच नको होतं.

डोंगरातलं घर

उत्तरेला जाताना बर्फ वाढत गेला. अंधार पडायच्या सुमाराला मोठा रस्ता सुटला, मग डांबर सुटलं, मग दोन्ही बाजूंची घरं सुटली. शेवटचा दीड मैल नुसती झाडं, काळी आणि उघडी, आणि दोन्हीकडे कमरेएवढ्या बर्फाच्या भिंती. त्या टोकाला एकच घर. तेच मुक्ताचं.

घर छान होतं हे मला कबूल करावं लागलं. लाकडाची शेगडी, मोठ्या खिडक्या, आणि सकाळी त्या खिडक्यांतून दिसणारा निळसर बर्फ. त्याच्यावर रात्री कोण कोण चालून गेलं ते पावलांवरून मुक्ता मला वाचून दाखवायची. हा ससा, हा कोल्हा. ती सुखात दिसत होती. पण मी बघायला आले होते, तेव्हा मी बघत राहिले.

पहिली गोष्ट दोन दिवसांत कळली. मी आमटीला हिंगाची फोडणी दिली आणि मुक्ता तोंडावर हात धरून अंगणात निघून गेली. बाहेर उणे दहा तापमान, अंगात स्वेटरसुद्धा नाही. परत आल्यावर मी तिच्याकडे फक्त पाहिलं.

"तिसरा संपत आलाय," ती म्हणाली. "मावशी, आईला सांगू नकोस अजून. मागच्या वेळी सांगितलं आणि मग राहिलं नाही. यावेळी मी सांगेन, माझं मी. इथेही कुणाला माहीत नाही."

मी तिला वचन दिलं. दुसऱ्याच दिवशी सुलभाचा फोन आला, "काय गं, काही कळलं?" मी म्हटलं, "बटाटे छान मिळतात."

दुसरी गोष्ट त्यांनी होऊन सांगितली. त्या भागात दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला गावसभा भरते. प्रतिनिधी नाहीत, मतपेटी नाही. गावातले मतदार एका हॉलमध्ये बसतात आणि वर्षभराचा खर्च, रस्ते, सगळं तिथल्या तिथे मतं मोजून ठरवतात. या वर्षी काही मतदारांनी सह्या करून एक विषय सभेपुढे आणला होता. आमच्या रस्त्याच्या शेवटच्या दीड मैलावरचा बर्फ गावाच्या गाडीने यापुढे काढू नये. एका घरासाठी एवढा खर्च परवडत नाही, गाडी एक, चालवणारा एक. सहा महिने बर्फ, आणि सप्टेंबरात बाळ येणार. रस्ता बंद झाला तर त्यांना घर सोडावंच लागलं असतं.

"मग तुम्ही विरोधात मत द्या, चार लोकांना सांगा," मी म्हटलं.

"आम्हाला मत नाही ना," निखिल म्हणाला. "ग्रीन कार्ड आहे. टॅक्स सगळा भरतो. व्होटिंगला सिटिझन लागतं, त्याला अजून वर्षं आहेत."

मला हसू आलं. अथेन्समध्ये अशा लोकांना मेटिक म्हणत. परगावाहून येऊन राहिलेले, कर भरणारे, लढाईला जाणारे, पण सभेत हात वर करायची मुभा नसलेले. एखादा नागरिक त्यांचा जामीन राहिला तरच त्यांना राहता येई. मी निखिलला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे आमच्या कंपनीने स्पॉन्सर केलं तसंच की, यार."

त्याच आठवड्यात वॉल्टर आला. खालच्या वळणावरचा शेजारी, उंच, वाकलेला, सत्तरीच्या पुढचा. मेपलच्या झाडांचा रस काढून आटवणं हा त्याचा धंदा. त्याने पाकाचा डबा आणला होता. मुक्ताने चहा केला, माझ्या शंकरपाळ्या पुढे ठेवल्या. त्याने एकेक करत बशी संपवली आणि तेवढ्या वेळात विचारलं की घरात गाड्या किती, मुक्ता आठवड्यातून किती वेळा विद्यापीठात जाते, आणखी किती वर्षं इथे राहायचा विचार आहे. सभेबद्दल अवाक्षर नाही. जाताना अंगणाच्या दगडी कुंपणाशी उभा राहून बराच वेळ झाडांकडे बघत होता.

"हा माणूस टेहळणीला आला होता," मी म्हटलं.

"मावशी, तो अर्ज त्यानेच दिलाय," मुक्ता बशी उचलत म्हणाली. "पहिली सही त्याची आहे. आम्हाला माहीत आहे."

"आणि तू त्याला चहा पाजलास?"

"चहाचा काय संबंध?"

मला तिच्या भाबडेपणाची काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी जूडी नावाच्या बाई आल्या. गावच्या वाचनालयात काम करणाऱ्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताबोलता हात धरणाऱ्या. घरी भाजलेला पाव आणला आणि मुक्ताला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुम्ही काळजी करू नका, आम्ही सगळे तुमच्या बाजूने आहोत." मला त्या आवडल्या. म्हणून त्यांच्याबद्दलही मला थोडी शंका आली.

सभा

सभा शाळेच्या खेळायच्या हॉलमध्ये होती. दारात दोन बायका मतदारांची नावं तपासत होत्या. आमच्या तिघांची नावं अर्थातच नव्हती. त्यांनी हसतमुखाने आम्हाला भिंतीकडे पाठवलं. तिथे बास्केटबॉलच्या जाळीखाली सात-आठ घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि वर कागद चिकटवला होता, मत नसलेल्यांसाठी. तीस वर्षांहून जास्त मी मेटिकांबद्दल शिकवलं, पण ते कुठे बसत असतील हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

हॉलमध्ये दीडएकशे माणसं असतील. गाव त्याच्या कितीतरी पट आहे असं निखिल म्हणाला. म्हणजे इथेही बरेचसे घरीच. बायका विणत होत्या, एक म्हातारा डुलक्या घेत होता, मागे स्वयंपाकघरातून सूपचा वास येत होता. पण जे चाललं होतं ते बघून मी हळूहळू खुर्चीच्या कडेला आले. सभा चालवणाऱ्या बाई उभ्या होत्या आणि कुणी उठला की आधी नाव सांगायचा, मग त्यांच्याकडे बघून बोलायचा, समोरच्याशी थेट भांडायचं नाही. एका पुलाच्या खर्चावर ते बराच वेळ बोलले. एकाने विचारलं, खडी मागच्या वर्षीपेक्षा महाग का? रस्त्याचं काम बघणारा माणूस उठला आणि त्याने कारण सांगितलं. लोकांना ते पटलं नाही. त्यांनी त्या पैशांना कात्री लावली. तिथल्या तिथे, हात वर करून. आपल्याकडे सरपंचाला असं कुणी विचारलं असतं तर विचारणाऱ्याच्या विहिरीची मोटर बंद पडली असती.

हे सगळं आमच्यासाठी नाटक चाललंय का, अशी एक शंका मनात येऊन गेली. मग लक्षात आलं, आमच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

आमचा विषय आला. वॉल्टर उठला. "वॉल्टर, खालच्या वळणावर राहतो," असं म्हणून त्याने दोन मिनिटांत मांडलं. गाडी जुनी झाली आहे, ड्रायव्हर एक आहे, तो दीड मैल करून येईपर्यंत शाळेचा रस्ता तसाच राहतो. "तिथे राहणारी माणसं चांगली आहेत. प्रश्न माणसांचा नाही, गाडीचा आहे." आणि बसला.

मुक्ताने हात वर केला. सभा चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, "यांना मत नाही, त्यामुळे बोलू द्यायला सभेची परवानगी लागेल. कुणाची हरकत?"

"माझी आहे," समोरून एक आवाज आला. एक सडपातळ म्हातारी, मांडीवर विणकाम. "माझं काही वैर नाही. पण नियम आहे."

मग त्यावरच मतं घेतली. माझ्या भाचीने तोंड उघडावं की नाही यावर सगळा हॉल हात वर करतोय हे बघताना मला घाम आला. बरेच हात वर गेले. परवानगी मिळाली.

मुक्ता उभी राहिली. निखिल तिच्या कानात पुटपुटला, "सांग ना. बाळाचं सांग, विषय संपेल." तिने मान हलवली. घरीच तिने त्याला बजावलं होतं, "पोट पुढे करून रस्ता मागायचा नाही. उद्या बाळ मोठं झालं की मग रस्ता काढून घेणार का?" ती सरळ बोलली. आम्ही कर भरतो. मोठा बर्फ पडला की आम्ही स्वतःही फावडं घेऊन बाहेर पडतो. पण आग लागली, कुणी आजारी पडलं, तर गाडी वर कशी येणार? एवढंच.

आधी आवाजी मत झालं, ते समजेना. मग बाईंनी आधी ठरावाच्या बाजूच्यांना आणि नंतर विरोधातल्यांना उभं राहायला सांगितलं आणि दोघांनी मोजलं. मी जूडीबाईंना शोधत होते. त्या हॉलमध्ये नव्हत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसल्या, पाठमोऱ्या, सूप ढवळत. मतं मोजून होईपर्यंत त्या वळल्याच नाहीत. अथेन्समध्ये बाजारात रेंगाळणाऱ्या नागरिकांना सभेत आणण्यासाठी गुलाम लाल रंगात भिजवलेला दोर ताणून मागे लागत, ज्याच्या कपड्याला रंग लागला त्याला दंड. तसा एक दोर मला त्या क्षणी हवा होता.

अकरा मतांनी आम्ही हरलो.

जेवण

मला वाटलं, आता उठायचं आणि घरी जायचं. सासरी पंचायतीच्या निवडणुकीनंतर दोन सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या लग्नाला गेले नव्हते. पण इथे जेवणाची सुट्टी झाली आणि आमच्या विरोधात उभी राहिलेली माणसं बशा घेऊन आमच्याच टेबलावर आली. मक्याचा पाव, घेवड्याची गोडसर उसळ, सूप, आणि सफरचंदाचं सारण भरून भाजलेला 'पाय' नावाचा गोड पदार्थ. हरकत घेणारी म्हातारी मुक्ताला म्हणाली, "छान बोललीस." मुक्ता तिच्याशी नीट बोलली. निखिल मात्र बशीतलं काही न खाता बसला होता. मी त्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघत होते. हा ढोंगीपणा आहे की संस्कार, ते मला कळेना.

वॉल्टर माझ्या शेजारी येऊन बसला. त्याला मी प्रोफेसर होते हे कुणीतरी सांगितलं होतं.

"प्रोफेसर, एक विचारू?" तो म्हणाला. "तुमची भाची शांत होती. तुम्हीच घाबरलेल्या दिसत होता. का?"

दोन शब्दांत सांगता आलं असतं. त्याने उठून सगळ्यांना सांगितलं असतं, कदाचित ती सगळी माणसं हळहळली असती. शब्द अगदी ओठांशी आले. मुक्ता पलीकडे पाण्याचा ग्लास धरून उभी होती.

"मी गरम गावातली आहे," मी म्हटलं. "मला बर्फाची भीती वाटते."

त्याने मान हलवली आणि उसळ खायला लागला. मी गप्प राहिले ते मुक्ताला दिलेल्या वचनासाठी. पण परतताना गाडीत मनात आलं, रस्ता बंद झाला तर ही दोघं शहरात जातील आणि सुलभाला हवं तेच होईल. मग मी नेमकी कशासाठी गप्प राहिले? त्या दिवशी इतरांवरून संशय जरा उतरला तो असा माझ्यावरच येऊन बसला.

चिखल

त्या राज्यात एक सोय आहे. ठराविक मुदतीत पुरेशा मतदारांनी सह्या केल्या तर झालेल्या ठरावावर पुन्हा मत घ्यावं लागतं. निखिल म्हणाला, "सोडून दे, मुक्ता. सांता क्लाराचे लोक अजून विचारतायत. मी उद्या हो म्हणतो."

"तू हो म्हण," मुक्ता म्हणाली. "पण विचारून झाल्यावर. आपण एकदा नीट विचारू. मग गेलो तर मला वाईट वाटणार नाही."

सह्या गोळा करायला मत लागत नाही, पाय लागतात. आम्ही तिघंही निघालो. मार्चच्या मध्यावर तिकडे बर्फ वितळतो आणि कच्च्या रस्त्यांची खीर होते. तिसऱ्याच घराच्या वाटेवर गाडी रुतली. मी उतरले आणि माझा डावा बूट चिखलातच राहिला. मोज्यावर उभी असताना एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, साखळी लावून त्याने गाडी ओढून काढली, माझा बूट हाताने उपसून दिला, वर त्याच्या बायकोने गरम पाणी आणि टॉवेल आणला. निखिलने कागद पुढे केला.

"नाही, सही करणार नाही," तो म्हणाला. "माझ्या रस्त्यावरही गाडी उशिरा येते." आणि हात हलवून ट्रॅक्टरवर चढला.

जूडीबाईंनी दार उघडताच मिठी मारली आणि कागद न वाचता सही केली. "त्या दिवशी सूप लागत होतं हो," त्या म्हणाल्या, आम्ही काही न विचारता. असेलही लागत.

सगळ्यात शेवटी मुक्ताने गाडी वॉल्टरकडे वळवली. मी म्हटलं, "तिथे कशाला?" ती म्हणाली, "तोही मतदार आहे."

त्याच्या झाडांमागे एक लाकडी शेड होती, छपरातून वाफेचे लोट निघत होते. आत शिरले आणि मी क्षणभर सांगलीत पोचले. हे तर गुऱ्हाळ. आपल्याकडच्या काहिलीच्या जागी लांबट पत्र्याची कढई, खाली लाकडाचा जाळ, वर फेस, आणि काकवीसारखा वास, फक्त धुरकट. झाडाला भोक पाडून आलेला रस पाण्यासारखा असतो, तो आटवून आटवून पाक करायचा. वॉल्टरने ताज्या बर्फावर गरम पाक ओतला, तो चिकट झाला, काड्यांवर गुंडाळून आम्हाला दिला. बरोबर काकडीचं आंबट लोणचं. गोड जड झालं की लोणचं चावायचं, मग पुन्हा गोड. मुक्ताने लोणचंच जास्त खाल्लं. मी वॉल्टरकडे चोरून पाहिलं. त्याने ते पाहिलं होतं की नाही, सांगता येत नाही.

मुक्ताने कागद दिला. त्याने तो हात पुसून घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि सही केली.

"पुन्हा विचारायचा तुम्हाला हक्क आहे," तो म्हणाला. "पण मत मी तेच देणार आहे. आधीच सांगून ठेवतो."

माझ्याने राहवलं नाही. मी माझ्या सांगलीच्या इंग्रजीत त्याला विचारलं, "मिस्टर वॉल्टर, ही दोघं गेली तर ही जमीन तुम्हाला हवी आहे का?"

"मावशी," मुक्ता हळूच म्हणाली.

"हवी आहे ना," तो म्हणाला. "माझी झाडं त्यांच्या कुंपणापर्यंत जातात, पलीकडची त्यांची. ती मिळाली तर मी घेईन. गावाला माहीत आहे." जाळात त्याने लाकूड सारलं. "पण गाडीही जुनी आहे, ते खोटं नाही. माझ्या मनात दोन्ही आहे. कुठलं आधी आलं, मला नाही सांगता येणार."

"मग सही का केलीत?"

त्याने कढईतला फेस बाजूला सारला. "त्या दिवशी हॉल अर्धा रिकामा होता. भरलेल्या हॉलने नाही म्हटलं तर मला बरं वाटेल."

या उत्तरात लबाडी कुठे आहे ते मी परतीच्या वाटेवर शोधत होते. शांत पाण्यात तळ दिसला की खोली कळत नाही, तसं काहीसं झालं. निखिल म्हणाला, "यार, हा माणूस मला रागावूही देत नाही."

सांगली

एप्रिलमध्ये मी परतले. सुलभाने विमानतळावरच विचारलं आणि मी म्हटलं, "सुखात आहेत, बाकी त्यांना विचार." मेमध्ये पुन्हा सभा झाली. मुक्ताने दुसऱ्या दिवशी फोन केला. या वेळी हॉल भरला होता, माणसं दारात उभी होती. मी ओळखत नव्हते अशा एका बाईंनी मधला मार्ग सुचवला, की गाडी आधी शाळेचा आणि बाकीचे रस्ते करेल आणि मग, दुपारपर्यंत, वरचा दीड मैल. चार मतांनी तो मंजूर झाला.

"आणि वॉल्टर?"

"विरोधात. पहिल्या रांगेत उभा होता."

"जूडीबाई?"

"होत्या. आपल्या बाजूने उभ्या राहिल्या. मागे होत्या, पण होत्या."

त्याच फोनवर ती म्हणाली की आता आईला सांगितलं आहे. पाठोपाठ सुलभाचा फोन आला. माझ्या लपवाछपवीवर ती पंधरा मिनिटं बोलली आणि मग रडली. निखिलने सांता क्लाराच्या लोकांना नकार कळवला. का, ते मी विचारलं नाही. त्याच्या आवाजावरून वाटलं की त्याचं त्यालाही पुरतं ठाऊक नसावं.

सप्टेंबरात मुलगी झाली. अथेन्समध्ये जन्मली असती तर आई-बाप परके म्हणून एकदा आणि बाई म्हणून दुसऱ्यांदा, अशी दोनदा बाहेर राहिली असती. तिथे मात्र त्या घरातली ती पहिली नागरिक. अठरा वर्षांनी ती हॉलमध्ये मधल्या खुर्च्यांवर बसेल. आई-बाप तोवर भिंतीकडून उठून आत आलेले असतील का, ते त्या सरकारवर अवलंबून. सरकारांवर मी पैज लावत नाही.

सुलभा बाळंतपणाला गेली ती बर्फ पडेपर्यंत राहिली. एके दिवशी तिचा फोन आला.

"ताई, गाडी आली गं. दोन वाजले, पण आली." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि ते पाकवाले म्हातारे येऊन गेले. बाळाला मांडीवर घेतलं आणि तिला काय म्हणाले माहीत आहे? 'तुझ्या रस्त्याच्या विरोधात मी दोनदा मत दिलं.' बाळाला सांगत होते. कसली माणसं आहेत गं ही?"

"खरं बोलतायत," मी म्हटलं. "एवढंच मला नक्की माहीत आहे. बाकी मलाही अजून कळलेलं नाही."